मूल अजून बोलत नाही: थांबायचं की तपासून घ्यायचं?

बोलायला उशीर झालेल्या मुलाबद्दल घरात पहिला प्रश्न निघतो, "किती शब्द बोलतं?" तपासणाऱ्याच्या लेखी हा तिसरा प्रश्न आहे. मुलाला नीट ऐकू येतं का, हा पहिला. त्याला समजतं किती आणि न बोलता ते किती सांगतं, हा दुसरा. दीड वर्षाची दोन मुलं घ्या, दोघांनाही पाचच शब्द येतात. एक मूल बोट दाखवून आजीला फ्रिजपर्यंत नेतं, हवं ते मिळालं की तिच्याकडे बघून हसतं, "बाबांचा चष्मा आण" म्हटलं की आणून देतं. दुसरं मूल मोठ्यांचा हात धरून ओढतं, पण चेहऱ्याकडे बघत नाही आणि नावाने हाक मारली तरी वळत नाही. शब्दांची संख्या सारखी असली तरी पहिल्याला दोन-तीन महिने पाहता येतं, दुसऱ्याला या आठवड्यातच दाखवायला हवं.

जिथे थांबायचं नाही

सगळ्यात गंभीर खूण म्हणजे आलेलं बोलणं जाणं. "आधी बाबा म्हणायचा, टाटा करायचा, आता करत नाही" हे वाक्य पालक बहुतेक वेळा दुसऱ्याच तक्रारीच्या ओघात सांगून जातात. धाकटं भावंड आलं, गावाहून परत आलो, तापात अशक्त झाला, अशी कारणं त्याला जोडली जातात. कारण काहीही वाटो, कोणत्याही वयात शब्द, हावभाव किंवा नजर देणं कमी झालं तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि लगेच पुढची तपासणी. इथे महिनाभरही थांबू नये.

बाकीच्या खुणा वयाप्रमाणे पाहायच्या. 6 महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल. 10 महिन्यांपर्यंत "बाबाबा", "दादादा" अशी बडबड सुरू झाली नसेल. वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद नसेल, टाटा करणं, उचलून घे म्हणून हात वर करणं, नको म्हणून मान हलवणं यातलं काहीच नसेल. 16 महिन्यांना एकही शब्द नसेल. दीड वर्षाला मूल बोट दाखवत नसेल. यात एक बारकावा आहे: बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणं ही मागणी झाली. आकाशातलं विमान किंवा रस्त्यावरचा कुत्रा दिसल्यावर बोट करून, वळून तुमच्याकडे बघणं म्हणजे "बघ ना" असं दाखवणं. दुसऱ्या प्रकारचं बोट जास्त महत्त्वाचं आहे आणि घरात त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

दोन वर्षांना साधारण 50 शब्द आणि स्वतः जोडलेले दोन शब्द हवेत: "मम दे", "बाबा आला", "माऊ गेली". "काय झालं" हे मूल एका दमात, शिक्क्यासारखं म्हणत असेल तर ती जोडणी धरायची नाही. तो त्याच्यासाठी एकच शब्द आहे. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं शेजाऱ्यांना चारात तीन वेळा समजायला हवं. निम्मंही समजत नसेल तर दाखवा. चार वर्षांच्या मुलाला घडलेली गोष्ट अनोळखी माणसाला कळेल अशी सांगता यायला हवी, "काल आजीकडे गेलो, तिथे मांजर होती" एवढी का होईना.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वय धरतात. आठ आठवडे आधी जन्मलेल्या 14 महिन्यांच्या बाळाकडून 12 महिन्यांची अपेक्षा करायची.

मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक थोडाच आहे आणि वरच्या मर्यादा मुलग्यांनाही लागू होतात. "याचा बापही चार वर्षांनी बोलला" हे तर धीर देणारं कारण नाहीच. घरात उशिरा बोलण्याचा किंवा वाचन-लेखनातल्या अडचणींचा इतिहास असेल तर जोखीम वाढते, म्हणून ते तपासणीच्या बाजूने धरायचं.

शब्द मोजताना होणाऱ्या चुका

एक वही घ्या आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांना त्यात लिहायला सांगा. आजीशी मूल जे बोलतं ते आई-बाबांना माहीत नसतं, आणि उलटही. मुलाने आपणहून, ठरावीक वस्तूसाठी, किमान दोन-तीन वेळा वापरला तो शब्द धरायचा. उच्चार पूर्ण असण्याची गरज नाही. पाण्याला दरवेळी "पापा" म्हणत असेल तर तो शब्द आहे. "भू भू", "हम्मा", "चिऊ", "भुर्र", "गाई गाई" हेही शब्दच. पालक ते खरे शब्द मानत नाहीत आणि यादी उगाच लहान होते.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. "म्हण आई" म्हटल्यावर "आई" म्हणणं धरायचं नाही. ते अनुकरण आहे, वेगळ्या पानावर लिहा. मोबाइलवर बघून एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे, रंग, ग्रहांची नावं धडाधडा म्हणणारं अडीच वर्षांचं मूल घरच्यांना हुशार वाटतं, आणि ते हुशार असेलही. पण तेच मूल तहान लागली तर पाणी मागत नसेल, "काय पाहिजे?" विचारल्यावर "काय पाहिजे?" असंच परत म्हणत असेल, तर पाठ केलेल्या शब्दांचा इथे उपयोग नाही. शब्द समोरच्यापर्यंत काही पोहोचवण्यासाठी वापरला जातो का, एवढंच पाहायचं. अशी मुलं तपासणीला सर्वांत उशिरा येतात, कारण त्यांच्याबद्दल कुणालाच शंका येत नाही.

"त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही"

हे वाक्य कधी अगदी बरोबर असतं, कधी पूर्ण चूक, आणि घरबसल्या ते पडताळता येतं. हातात चप्पल घेऊन दाराकडे चालत "चल, भुर्र जाऊ" म्हटलं तर कोणतंही मूल उठेल. त्याला वाक्य कळलं असं नाही, प्रसंग कळला. जेवणाच्या वेळी ताट मांडून "जेवायला ये" म्हणणंही तसंच.

समज तपासायची तर हात मागे ठेवा, वस्तूकडे बघू नका, आणि त्या वेळी अपेक्षित नसलेली गोष्ट सांगा. मूल खेळत असताना मध्येच, "बाबांची चप्पल कुठे आहे?" दीड वर्षाच्या मुलाने अशी एक साधी सूचना खुणेशिवाय पाळायला हवी, आणि नाक, डोळे, पोट यांतलं काहीतरी दाखवायला हवं. दोन ते अडीच वर्षांच्या मुलाला दोन टप्प्यांची सूचना द्या: "बॉल उचल आणि आजीला दे." मुलाने बॉल उचलला आणि स्वतःच खेळत बसलं तर आणखी दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वस्तूंवर करून पाहा. एकदा ऐकलं नाही म्हणजे समजत नाही असं होत नाही; दोन वर्षांच्या मुलाला ऐकायचंही नसतं. तीन दिवसांत एकदाही जमलं नाही तर मात्र ते लिहून ठेवा. बोलणं आणि समजणं दोन्ही मागे असेल तर तपासणी लांबवायची नाही, मुलाचं वय कितीही लहान असो.

कान

थाळी वाजवली, मूल वळलं, म्हणून ऐकू येतं असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. थाळीचा आवाज मोठा असतो, हात हललेला दिसतो, जमिनीतून कंपही जाणवतो. मध्यम प्रमाणात कमी ऐकणारं मूल थाळीला, दाराच्या धडाक्याला आणि टीव्हीला वळेल. "स", "श", "फ" असे बारीक आवाज आणि शब्दांची टोकं मात्र त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. म्हणून बोलण्यातल्या कोणत्याही उशिरासाठी श्रवण तपासणी आधी करतात. ती न करता थेट थेरपी सुरू करणाऱ्याकडे थांबू नका.

ओएई ही काही मिनिटांची तपासणी आहे. कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. बेरा तपासणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आवाज मेंदूकडे जाणाऱ्या नसेपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. जन्मानंतर ओएई "पास" झाली होती म्हणून आता गरज नाही, असं नसतं. मेंदुज्वर, जन्माआधीचा संसर्ग, काही अनुवंशिक कारणं यांमुळे ऐकणं नंतर कमी होऊ शकतं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं. त्यासाठी टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते पाहणारी तपासणी, करतात. तीव्र कावीळ झालेल्या काही बाळांत आतला कान ठीक आणि नस बिघडलेली असते, त्यांची ओएई चांगली येते आणि दोष फक्त बेरात दिसतो. त्यामुळे एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेलं बाळ, रक्त बदलावं लागण्याइतकी कावीळ, जंतुसंसर्गासाठी दिलेली जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, घरात लहानपणापासून कमी ऐकणारं कुणी, किंवा आई-वडील नात्यातले असणं (मामाची मुलगी, आतेभाऊ), यातलं काही असेल तर ते न विचारता सांगा आणि बेराबद्दल विचारा.

बेरासाठी मूल झोपलेलं लागतं, आणि बहुतेक चकरा इथेच फुकट जातात. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, प्रवासात झोपू देऊ नका. झोपेचं औषध लागलं तर ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं, घरून पाजून आणायचं नाही. त्याआधी पोट किती वेळ रिकामं हवं ते फोन करून विचारून ठेवा. वाहणारं नाक असेल तर तारीख बदलून घेतलेली बरी.

उच्चार आणि अडखळणं

"काका"ला "ताता", "गाडी"ला "दाडी" म्हणणं अडीच-तीन वर्षांना चालतं. चार वर्षांनंतरही क-ग येत नसतील तर दाखवा. र, ळ, श आणि जोडाक्षरं उशिरा येतात. "रवी"ला "लवी", "केळं"ला "केलं" हे पाच वर्षांपर्यंत सहसा काळजीचं नसतं. यात घरची बोली ध्यानात घ्या. वऱ्हाडात किंवा खानदेशात घरातले मोठेच "काळा"ला "काया" म्हणत असतील, किंवा कोळी-आगरी घरात "काला" म्हणत असतील, तर मुलाचा तो उच्चार चूक नाही. ण-न चंही तसंच. तपासणाऱ्याला हे आधीच सांगा. पुस्तकी मराठीच्या मापाने मोजलं तर निरोगी मुलाच्या नावापुढे दोष लागतो. तीन वर्षांच्या मुलीने "मी पडला" म्हणणं, "माझा पुस्तक" म्हणणं, लिंगाचा गोंधळ करणं हेही वाढीचाच भाग आहे.

आवाज नाकातून येत असेल, बाळपणी दूध नाकातून परत येत असेल, तर टाळूची तपासणी वेगळी सांगा. टाळूतली फट कधी कधी वरच्या पातळ आवरणाखाली लपलेली असते. जिभेखालचा पडदा आखूड असणं हे मात्र न बोलण्याचं कारण नाही. त्याने बाळाला अंगावर पिताना अडचण येऊ शकते, क्वचित एखाद्या वर्णाचा उच्चार बिघडतो, पण शब्द येणं अडत नाही. फक्त "बोलत नाही" म्हणून तो पडदा कापून घेऊ नका. जिभेला वेखंड घासणं, पोपटाचा उष्टा पेरू देणं यानेही बोलणं येत नाही. मध वर्षाच्या आतल्या बाळाला देणं तर धोक्याचंच आहे.

अडीच ते चार वर्षांत बरीच मुलं अडखळतात. "मला मला मला पाहिजे" असं पूर्ण शब्द परत म्हणणं बहुधा आपोआप जातं. "म-म-म-मला" असा वर्ण अडकणं, "मऽऽला" असा ताणला जाणं, आवाजच न फुटणं, डोळे मिटणं, मान झटकणं, घरात कुणाला तोतरेपणा असणं, किंवा सहा महिने उलटूनही तसंच राहणं, या खुणा असतील तर दाखवा. "नीट बोल, हळू बोल" म्हणून टोकू नका. मुलाचं बोलून होईपर्यंत थांबा.

दोन भाषा, मोबाइल आणि शाळा

घरात मराठी, सांभाळणाऱ्या बाईंशी हिंदी, पाळणाघरात इंग्रजी, याने मूल मुकं होत नाही. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही येत असतील तर दोन्ही लिहून ठेवा. सगळ्याच भाषांत मागे असेल तर तो खरा उशीर. मराठीत छान बोलतं आणि बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीच्या नव्या शाळेत गप्प बसतं, तर काही महिने नव्या भाषेची सवय होऊ द्या. कुणीही "एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा" म्हणालं तर ऐकू नका. आजी-आजोबांशी बोलण्याची भाषा काढून घेतल्याने इंग्रजी लवकर येत नाही, मुलाशी बोलणारी माणसं मात्र कमी होतात.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, अशी आहे. मोबाइल बंद करा, नक्की करा. पण "मोबाइल बंद केलाय, आता बघू" म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू करता येतं. नर्सरीत घातलं की बोलेल, हाही वर्षभराचा वेळ खाणारा सल्ला आहे. वीस मुलांच्या वर्गात न बोलणारं मूल बहुतेक वेळा शांत मूल म्हणून कौतुकाचं ठरतं.

आणि हे आईच्या बोलण्या-न बोलण्याचं फळ नाही. तपासणीच्या खोलीत अनेक आया आधी स्वतःला दोष देऊन मगच मुलाबद्दल सांगू लागतात, आणि हा दोष त्यांच्या मनात घरच्यांनीच भरलेला असतो. तो भरू नका.

थांबायचंच असेल तर

मूल दीड ते दोन वर्षांच्या मधलं आहे, श्रवण तपासणी ठीक आहे, वर सांगितल्याप्रमाणे समज चांगली आहे, बोटाने-नजरेने भरपूर सांगतं, फक्त शब्द कमी आहेत, तर थांबायला हरकत नाही. पण कॅलेंडरवर तारीख लिहून: आजपासून दोन महिने, फार तर तीन. वहीतली यादी आज किती, त्या दिवशी किती. दर महिन्याला नवे शब्द येत असतील तर चांगलं. आकडा तिथेच असेल किंवा मूल दोन वर्षांचं झालं आणि दोन शब्द जुळत नसतील तर वेळ घ्या. अशी बरीच मुलं आपोआप पुढे जातात, पण कोणतं मूल जाणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून ही तारीख.

त्या काळात मुलाच्या उंचीला बसून बोला. "बोल, म्हण" असा तगादा नको. ते "माऊ" म्हणालं तर "हो, माऊ दूध पिते" एवढं वाढवून द्या. बुवाकुकसारखा खेळ मध्येच थांबवा आणि मनात सातपर्यंत मोजा. पुढचा आवाज किंवा खूण त्याच्याकडून येऊ द्या.

कुठे, कसं, काय घेऊन

स्पीच थेरपिस्टची पदवी पाहा: बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी (श्रवण आणि वाचा या विषयातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी), आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक. तो विचारण्यात अपमान नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून वाचा आणि श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-श्रवण विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर अंगणवाडीपासून सुरू करा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकाची वाट न पाहता सेविकेला किंवा आशाताईंना सांगून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. ते बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयातच असतं आणि तिथली सेवा मोफत आहे.

सोबत न्या: जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, कानाचे जुने रिपोर्ट, शब्दांची वही, आणि मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ: एकात मूल एकटं खेळताना, एकात घरच्यांशी, एकात जेवताना. नव्या खोलीत मूल गप्प राहिलं तर हे व्हिडिओच उपयोगी पडतात. मुलाचं आवडतं एखादं खेळणं आणि खाऊ ठेवा. झोपेची वेळ टाळून वेळ घ्या. दिवसभर सांभाळणारी आजी असेल तर तिलाही न्या.

पहिली भेट साधारण 45 मिनिटं ते तासाभराची असते. बराचसा वेळ प्रश्नांत आणि खेळात जातो, म्हणून "नुसतं खेळत होते" असं वाटू देऊ नका. खेळातच नजर, अनुकरण आणि समज पाहिली जाते. सावध कुठे व्हायचं तेही सांगतो. "तीन महिन्यांत बोलेल" अशी हमी देणारा, आई-बाबांना खोलीबाहेरच ठेवणारा, शब्दच नसलेल्या मुलाला नुसती शिट्टी फुंकायला आणि जिभेचे व्यायाम करायला लावणारा, यांच्याकडे पैसे आणि महिने दोन्ही जातात. फुंकण्याच्या व्यायामाने शब्द येत नाहीत.

अहवालात समजण्याचं वय आणि बोलण्याचं वय वेगवेगळं लिहिलेलं असावं, कोणत्या चाचणीवरून काढलं त्याचं नाव असावं, घरी काय करायचं ते असावं, आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख असावी. "बोलण्यात उशीर, थेरपी सुरू करा" एवढीच एक ओळ असेल तर बाकीचं तिथेच बसून लिहून घ्या.